अकरावी वाटी

आमच्या घराचं जाळं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तन्वीला विचारलं, "हे काय, कोळ्याचं घर काढलंस होय ग?"

ती हसली नाही. विद्यापीठातून आलेली माणसं पहिले काही दिवस हसत नाहीत. तिनं जेवणाच्या टेबलावरची ताटं बाजूला सारली, टॅब्लेट सरळ ठेवला आणि चित्र मोठं केलं. पांढऱ्या पडद्यावर तीस-बत्तीस ठिपके होते आणि त्यांच्यामधून इकडून तिकडं धावणारे बाण. प्रत्येक ठिपक्याला नाव होतं. 'दुपारी पडून राहणं'. 'दाढी टाळणं'. 'जेवण अर्धं सोडणं'. एकाचं नाव होतं 'काकूंचं भांडी आपटणं'.

"माझं बी टिपलंस?"

"घरात तुम्ही पण आहात ना, काकू. जाळं एकट्या काकांचं नसतं."

"आणि हा सगळ्यात मोठा ठिपका कसला?"

"काकांना घरात धरून ठेवणारी मुख्य गाठ आहे ती," तन्वी म्हणाली. "सकाळचा चहा."

सात महिने माझा नवरा उंबऱ्याबाहेर पडला नव्हता. एकवीस दिवस त्याच्या आणि माझ्या मनगटाला कडं बांधून, दारं-खिडक्यांना चिमुकली यंत्रं चिकटवून विद्यापीठाच्या संगणकानं शोध लावला होता तो चहाचा. डोंगर पोखरून उंदीर काढलास, असं मी तिला तोंडावर सांगितलं. तिनं तेही लिहून घेतलं.

मी शैलजा मगदूम. साखर कारखान्याच्या कॉलनीत, तिसऱ्या ओळीत, बावीस वर्षं राहते. माझे यजमान सुकुमार मगदूम कारखान्यात पॅनमन. आटवलेला उसाचा रस पॅन नावाच्या मोठ्या बंद भांड्यात घ्यायचा आणि त्यात साखरेचा दाणा धरवायचा, हे त्यांचं काम. आता सगळं यंत्रावर चालतं, तरी दाणा नीट धरला की नाही याची शेवटची खात्री काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन बोटानंच करतात. ह्यांचं बोट जिल्ह्यात नावाजलेलं होतं.

फेब्रुवारीत, हंगाम संपत आला असताना, ह्यांनी पॅन सोडला, म्हणजे आतला तयार पाक खालच्या मजल्यावर उतरवला. त्याआधी नियमाप्रमाणे तीनदा घंटा दिली. पण घंटेबरोबर लागणारा तिथला तांबडा दिवा त्या दिवशी बंद पडला होता, आणि यंत्रांच्या आवाजात घंटा ऐकू गेली नाही. खाली विश्वास नलवडे होता. आमच्याच ओळीत सहा घरं सोडून राहणारा, ह्यांच्याबरोबर एकाच दिवशी कामाला लागलेला. साखरेचा उकळता पाक त्याच्या उजव्या हातावर आला. हात वाचला, पण तीन बोटं वळेनात. चौकशीत दिव्याचा दोष निघाला, ह्यांच्यावर ठपका आला नाही. ठपका आला असता तर बरं झालं असतं, असं मला कित्येकदा वाटलं. निदान कुणाशी तरी भांडता आलं असतं.

आता दसऱ्याला बॉयलर पेटणार होता. धोक्याच्या जागी काम करणाऱ्या माणसाचं जाळं 'उघडं' आहे, एकाच चक्रात अडकलेलं नाही, असा दाखला लागतो, हा कायदा येऊन तीन वर्षं झाली होती. ह्यांचं जाळं 'मिटलेलं' होतं. दसऱ्याच्या आधीच्या सोमवारी शेवटची तपासणी. त्यातही मिटलेलं निघालं, तर कायमचे अपात्र. ज्या माणसाला दाण्याशिवाय दुसरं काही येत नाही, तो अपात्र ठरून घरात बसला तर किती वर्षं जगेल, हे मला कुठल्या संगणकानं सांगायची गरज नव्हती. सव्वीस दिवस उरले होते, आणि मी ठरवलं होतं की ह्या माणसाला दाराबाहेर काढायचाच.

तन्वी सोनटक्के रोज सकाळी नऊला यायची. चहा विचारला की नको म्हणायची. अभ्यासातल्या घरचं काही घ्यायचं नाही, असा तिचा नियम होता. पण समजावून सांगायचा तिला कंटाळा नव्हता.

"पूर्वी असं धरायचे, काकू, की आत एक आजार असतो आणि झोप उडणं, भूक जाणं, माणसं टाळणं ही त्याची लक्षणं. ताप आला की अंग दुखतं तसं. पण मनाच्या बाबतीत तो आतला आजार बोट ठेवून दाखवता येईना. मग काही लोकांनी वेगळं धरून पाहिलं. झोप नाही म्हणून माणूस चिडतो. चिडतो म्हणून लोकांना टाळतो. लोक नाहीत म्हणून दिवसा पडून राहतो, आणि दिवसा पडला म्हणून रात्री झोप नाही. प्रत्येक गोष्ट दुसरीला ओढते. ही ओढाओढ हाच आजार."

"मग कडं काय करतं?"

"दिवसातून सहा वेळा थरथरतं आणि विचारतं, काय करताय, कसं वाटतंय. घरातली यंत्रं पावलं टिपतात, दारं, भांडी, आवाज चढला की उतरला ते टिपतात. शब्द टिपत नाहीत. काय आधी घडतं आणि त्याच्यामागून काय, हे हजारो वेळा पाहिलं की बाण काढता येतो. आणि कुठला ठिपका हलवला तर सगळं हलेल, तेही सांगता येतं."

"मग एवढे दिवस मी काय कमी हलवलं? हातापाया पडले, भांडले, उपास केले."

तन्वी म्हणाली, "उसानं भरलेली ट्रॉली कलंडायला चाकाखाली एक दगड पुरतो. पण कलंडलेली उभी करायला तो दगड काढून भागतं का? जाळ्याचं तसंच आहे. पाडायला लागतो त्याहून जास्त जोर उभं करायला लागतो, आणि तो नेमक्या जागी लावावा लागतो. नाहीतर तुम्ही नुसत्या दमता."

मी दमले होते हे खरंच होतं. मला एकदम रडू आलं आणि मी कांदा नसलेली पोह्यांची कढई उगीच हलवत बसले.

तर चहाला धक्के द्यायचं ठरलं. सहाचा चहा सातला दिला. ह्यांनी घेतलाच नाही. व्हरांड्यात खुर्ची टाकून तिथं कप ठेवला. ह्यांनी दारातूनच हात लांबवून कप आत घेतला. मग कॉफी केली. एक घोट घेऊन हे म्हणाले, "चहाच दे. तसलाच." दहा दिवस असे गेले, आणि जाळ्यातले बाण आणखी जाड झाले. तन्वीचा चेहरा उतरला. मुलगी प्रामाणिक होती, अपयश लपवायची नाही.

अकराव्या दिवशी तिनं एक कागद आणला. पुण्याच्या एका केंद्रात डोक्याला टोपी घालून जाळ्यातले जोड सैल करतात. तीन दिवसांत माणूस बाहेर पडतो, दाखला तर हमखास मिळतो. नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात. ह्यांनी कागद वाचलासुद्धा नाही, सही करून माझ्याकडं सरकवला.

मी तन्वीला विचारलं, "नंतर विश्वासविषयी ह्यांना काय वाटेल?"

तिनं खरं ते सांगितलं. "आठवण राहील. पण वाटणार काही नाही. गाठीच्या आसपासचे दुसरे जोडही सैल होतात. कुठले, ते आधी कळत नाही."

"बोटाचं काय? दाणा कळेल?"

"सांगता येत नाही, काकू."

"सही कर, शैलजा," हे म्हणाले. "संपवू या."

"न्हाई करणार," मी म्हटलं.

हे आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. मला राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. पण विश्वासचं नाव काढल्यावर काही न वाटणारा माणूस घेऊन मी काय करू? मला हाच पाहिजे होता, त्याच्या दुखऱ्या जागेसकट. मी कागद घडी घालून तन्वीच्या पिशवीत टाकला.

ती मात्र उठली नाही. "एक बाण मला कळत नाही," ती म्हणाली. "चहापासून निघतो, बाहेरच्या दारापर्यंत जातो आणि तिथं तुटतो. यंत्रं घरापुरतीच लावली होती, ही चूक माझी असेल. तुमच्या दारावरच्या बेलला आठवण असते ना? वर्षभराची?"

असते. आजकाल सगळ्याच बेलना असते. मी परवानगी दिली आणि तिनं दोन मिनिटांत आलेख काढला. अपघाताच्या आधी आमची बेल दिवसातून नऊ-दहा वेळा वाजायची. तन्वीनं धरलं होतं की अपघाताच्या दिवसापासून ती थांबली. तसं नव्हतं. त्यानंतर सतरा दिवस ती पंधरा-पंधरा वेळा वाजली होती. अठराव्या दिवसापासून घसरण, आणि महिन्याभरात शून्य.

"लोक अपघातामुळं तुटले नाहीत, काकू. नंतर तुटले. अठराव्या दिवशी काय झालं?"

काय झालं ते मला माहीत होतं. सात महिने रोज माहीत होतं. पण ते कुणाला सांगण्यासारखं आहे, असं मला कधी वाटलंच नव्हतं. मी उठले आणि ओट्याखालचं शेवटचं कपाट उघडलं.

आत वाट्या होत्या. स्टीलच्या, अकरा. एकीत एक घालून, वर फडकं टाकून ठेवलेल्या. प्रत्येकीवर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं. आवटी. खोत. बिरनाळे. सगळी तिसरी ओळ.

तन्वीला त्यातून काही कळेना, म्हणून सविस्तर सांगावं लागलं. अपघातानंतर सतरा दिवस मी सिंधूबरोबर, म्हणजे विश्वासच्या बायकोबरोबर, दवाखान्यात बसून होते. इकडं ह्यांना जेवायला कोण देणार, म्हणून ओळीतल्या बायकांनी आमटी, उसळ, भात असं काय काय पाठवलं. दहा घरच्या दहा वाट्या जमल्या. अठराव्या दिवशी विश्वास घरी आला. त्या आनंदात सिंधूनं शिरा केला आणि अख्ख्या ओळीत वाटला. आमच्याकडंही पाठवला. ती अकरावी. ह्यांनी झाकण काढलं, शिरा बघितला, वाटी लांब सारली आणि म्हणाले, "ह्या घरात आजपासून साखर आणायची न्हाई." त्या दिवसापासून चहा बिनसाखरेचा.

"बरं," तन्वी म्हणाली. "मग वाट्या परत का नाही दिल्या?"

"कशा देणार? रिकाम्या?"

"हो."

"तुझ्या आईनं तुला काही शिकवलं का न्हाई ग? वाटी रिकामी परत देत नसतात. काही केलं नसलं, तर निदान चिमूटभर साखर तरी घालून द्यायची. आणि साखर तर घरात न्हाई."

"आमच्याकडं कागदी डबे येतात, काकू. ते परत जातच नाहीत." तिनं विचारलं, "पण चिवडा वगैरे काही घालून?"

"दहा वाट्या चिवडा घालून दिल्या असत्या, न्हाई असं न्हाई. पण सिंधूच्या वाटीत काय घालू? गोडाला गोड लागतं. आणि त्या घरी द्यायला गोड म्हणून काय करू? नवऱ्याच्या चोरून साखर आणू? दहा परत गेल्या आणि एकच राहिली, तर ओळीतल्या बायकांना कळायला कितीसा वेळ लागणार? म्हणून एकही दिली न्हाई. उद्या बघू, परवा बघू करत राहिले. मग इतके दिवस झाले की कुणासमोर जायची लाज वाटायला लागली. आणि आपली वाटी परत मागायला कोण कशाला येईल?"

तन्वीनं टॅब्लेट पुढं ओढला. शिरा. साखर बंद. वाट्या अडकल्या. बायका यायच्या थांबल्या. बेल थांबली. हे घरातच. आणि रोज सकाळी सहा वाजता बिनसाखरेचा कप, जो त्या शिऱ्याची आठवण काढून पुन्हा तेच चक्र फिरवायचा. यंत्राला कप दिसत होता, साखर नसलेली दिसत नव्हती. तिनं हातानं नवा ठिपका काढला आणि नाव घातलं, 'वाटी'. संगणकानं विचारलं, ही नोंद कोणत्या यंत्राची. तिनं लिहिलं, काकूंची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेंगदाणे भाजले, मीठ-तिखट लावलं आणि दहा वाट्या परातीत घेऊन बाहेर पडले. पहिलं घर पुतळाकाकू आवटींचं. काकू पंचाहत्तरीच्या, ओळीतल्या सगळ्यात जुन्या आणि तोंडानं सगळ्यात सुटलेल्या.

"आली का बया," त्या म्हणाल्या. "आमटीची वाटी माझी. सात महिने लेक आली की तिला झाकणात वाढायचं चाललंय."

"चुकलं काकू."

"तुझं काय चुकलंय? आमी समजलो तुमाला आमचं येणं नको झालंय. भांडीबी परत करंनात म्हटल्यावर माणसानं काय समजायचं?" त्यांनी दोन शेंगदाणे तोंडात टाकले. "सुकुमार कसा हाय?"

तेवढं विचारलं आणि माझा बांध फुटला. त्यांनी मला आत नेऊन बसवलं. दहा घरं व्हायला दुपार झाली, कारण प्रत्येक घरी हेच झालं. पण बिरनाळ्यांकडं जाताना नलवड्यांच्या दारावरून जावं लागलं, आणि सिंधू दारातच तांदूळ निवडत होती. तिनं माझ्या परातीकडं पाहिलं. आपली वाटी त्यात नाही हे तिला एका नजरेत कळलं. ती सूप उचलून आत गेली. आता मला मागं फिरायची सोय राहिली नव्हती.

त्या आठवड्यात आमची बेल पुन्हा वाजायला लागली. कोण भाजी घेऊन, कोण नुसतंच. हे आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत येऊन बसू लागले. एकदा "कोण आलं होतं?" असं विचारलं. सात महिन्यांत स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न. पण उंबऱ्यापाशी गेले की पाय थांबायचे. तपासणीच्या आधीच्या शुक्रवारी तन्वी म्हणाली, "आता सगळं त्या एका वाटीशी येऊन अडलंय. तुम्ही नेऊन दिलीत तर फारसं काही हलणार नाही. काकांनी नेली तर ट्रॉली उभी राहील. पण त्यांनी दार लावून घेतलं तर..."

"तर?"

"मग टोपीनं पण गाठ सुटेल असं वाटत नाही. निम्मी-निम्मी शक्यता आहे."

"माझं लग्न ठरलं तेव्हा एवढीबी नव्हती," मी म्हटलं.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी सिंधूची वाटी ह्यांच्यापुढं टेबलावर ठेवली, नाव त्यांच्याकडं करून. 'सौ. सिंधू वि. नलवडे.' तन्वी कोपऱ्यात बसली होती. तिनं उठायला पाहिलं, मी तिला हातानं बसवलं.

"ही परत द्यायची हाय," मी म्हटलं. "तुमी जायचं."

ह्यांनी वाटी फिरवून नाव पलीकडं केलं. म्हणाले, "माझ्यानं व्हणार न्हाई."

"त्यांनी टोमणा मारायला शिरा पाठवला असं वाटतंय का तुमाला?"

"टोमणा?" ह्यांनी वर पाहिलं. "टोमणा असता तर गिळला असता की. अगं, त्या शिऱ्यात साखर कुणाची हुती? आपल्याच कारखान्याची. माझ्याच पॅनची. ज्या साखरंनं हात गेला त्याचा, तीच साखर घालून तिनं शिरा केला, आन मला पाठवला. कसा खाऊ मी? घंटा दिली मी. तीनदा दिली. पण खाली वाकून बघितलं न्हाई, शैलजा. रोज बघत हुतो. त्या दिवशी दाणा इतका झ्याक पडला हुता, मी पट्टीकडंच बघत बसलो."

हे त्यांनी चौकशीत सांगितलं नव्हतं, मलाही नाही. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "मग हेच जाऊन त्याला सांगा. पण रिकाम्या हातानं जाऊ नका."

मग हे उठले आणि स्वयंपाकघरात गेले. कढई काढल्याचा आवाज आला.

"साखर आण," आतून म्हणाले.

मी पुतळाकाकूंकडं पळाले. वाटीभर साखर उसनी आणली. ह्यांनी चिमूटभर तळहातावर घेऊन खिडकीपाशी नेली. "जानेवारीतली," म्हणाले. "माझीच हाय." नारळ मी खवून दिला, बाकी कशाला हात लावू दिला नाही. पाक चढू लागला तसं त्यांनी थेंब घेतला, अंगठा आणि बोट हळूच लांब केलं आणि तार बघितली. तुटली. पुन्हा थोड्या वेळानं. तिसऱ्यांदा तार टिकली, तेव्हा खोबरं घातलं. तन्वी दारात उभी राहून बघत होती आणि एक अक्षर लिहीत नव्हती. खोबऱ्याच्या वड्या ताटात थापल्या, कापल्या, निवल्या. ह्यांनी दाढी केली. पांढरा शर्ट घातला. वाटीत सात वड्या रचल्या आणि उंबऱ्यापाशी येऊन थांबले.

ह्यांनी चपला घातल्या आणि गेले.

मी फाटकापाशी उभी राहिले. सहा घरं म्हणजे किती, शंभर पावलं. ह्यांना बराच वेळ लागला. नलवड्यांचं दार उघडलं ते दिसलं. कोण दारात आलं ते कडेच्या जास्वंदीमुळं दिसलं नाही. दार मिटलं. हे आत आहेत की पायरीवर, कळेना.

तन्वीनं टॅब्लेट पुढं केला. "काकांच्या कड्यावरून ठोके दिसतायत. बघायचं?"

"न्हाई," मी म्हटलं आणि टॅब्लेट कठड्यावर पालथा घातला. "येतील तेव्हा बघू."

सव्वा तासानं हे आले. डोळे सुजलेले होते. हातात तीच वाटी होती, वर ताटली झाकलेली. वाटी परत आली म्हणजे त्यांनी घेतली नाही, असंच मला वाटलं. हे पायरीवर बसले आणि ताटली काढली. आत शिरा होता, गरम.

"सगळं सांगितलं," हे म्हणाले. "दाण्याकडं बघत हुतो, तेबी सांगितलं. इश्वास म्हटला, मला ठाव हाय, तुझी मान खाली दिसायची ती त्या दिवशी दिसली न्हाई. मी चौकशीत बोललो न्हाई, तुझी नोकरी गेली असती. त्या दोघांना वाटलं, त्यानं जबाबात माझं नाव घेतलं असं समजून आपुन रागावलोय. म्हणून वाटी न्हाई आली." ह्यांनी नाक पुसलं. "डाव्या हातानं वडी खाल्ली. म्हटला, पाक जरा फुडं गेलाय, सवय मोडलीय तुझी. आता त्याची ड्यूटी गेटवर हाय. हंगाम सुरू झाला की पाच मिन्टं आधी येत जा, म्हटला. बसू."

मी चमचा आणून दिला. ह्यांनी शिऱ्याचा एक घास घेतला, बराच वेळ चघळला, गिळला. मग दुसरा घेतला. मी तिथंच पायरीवर बसून मोकळेपणानं रडले.

सोमवारच्या तपासणीत जाळं उघडं निघालं. काठावर, असं अधिकारी म्हणाले, पण दाखला दिला. दसऱ्याला बॉयलर पेटला. ह्यांनी पहिला पॅन सोडण्याआधी तीनदा घंटा दिली आणि कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. खाली कुणी नव्हतं. तरी वाकून पाहिलं, असं मला दुसऱ्यांकडून कळलं.

त्यानंतर चार दिवसांनी तन्वी यंत्रं काढायला आली. खिडकीचं काढलं, ओट्याजवळचं काढलं. माझ्या हातचा चहा घेतला, दोन चमचे साखर घालून. विद्यापीठात तिच्या ठिपक्यावरून बरीच चर्चा झाली होती म्हणे. एका कंपनीला आता घरोघरच्या वाट्यांना यंत्रं बसवायची होती, वाटी परत द्यायची आठवण करणारी. मी म्हटलं, आठवण मला रोजच होती.

ती हसली, मग टॅब्लेट उघडून म्हणाली, "एवढं एक राहिलंय, काकू. प्रयोग संपल्याची तारीख घालायची आहे. काय घालू? काका वाटी घेऊन गेले तो शनिवार, की दाखल्याचा सोमवार?"

तेवढ्यात फाटक वाजलं. दुसऱ्या पाळीला निघालेले हे अर्ध्या वाटेवरून परत आले होते. चपला न काढता आत आले, मांडणीवरून सिंधूची वाटी उचलली, डब्यातली चिमूटभर साखर तीत घातली आणि "राहिलीच की," असं पुटपुटत निघून गेले. दार उघडंच राहिलं.

तन्वी बोट वर धरून थांबली होती.

"तारीख घालू नको," मी म्हटलं. "वाटी आता त्यांच्याकडं गेलीय. परत येऊ दे."